मामाजींच्या माशासाठी थापलेल्या वड्या

आमच्या घरात फ्रीझर माझा आहे. हे लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ठरून गेलं. नवऱ्याला आइस्क्रीम ठेवायचं असलं तरी तो आधी मला विचारतो, आणि हिवाळ्यात तर विचारायचीही सोय नाही, कारण तेव्हा तिथे सोले असतात. तुरीच्या आणि मटारच्या शेंगांचे कोवळे हिरवे दाणे. वर्षभराच्या सोलेभाताची सोय म्हणून मी पिशव्या भरभरून ठेवते. त्या फ्रीझरमध्ये मागच्या जानेवारीत मी माझ्या हातानं झिंगे, म्हणजे कोळंबी हो, ठेवले, तेही एका माशाला खाऊ घालायला. असं काही होणार म्हणून मला कोणी आधी सांगितलं असतं ना, तर मी त्याला वेड्यातच काढलं असतं.

मासा मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. सावनेरकडच्या गावातून ते नोकरीसाठी नागपुरात आले, एका सरकारी कचेरीत फायली सांभाळत रिटायर झाले, पण जीव सगळा गावच्या शेतात. सासूबाई गेल्या त्या वर्षी ते दिवसभर नुसते बसून असायचे. एक दिवस कसल्याशा कामाला सदर भागात गेले आणि येताना तिथल्या पाळीव माशांच्या दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीत अंगठ्याएवढा मासा घेऊन आले. ऑस्कर म्हणतात त्या जातीला.

"हे काय जी मामाजी? आता ह्याचं कोण करणार?" मी म्हटलं.

"मी करतो ना! तुले काही सांगितलं का?"

आणि खरंच, पुढची नऊ वर्षं त्यांनी मला काही म्हणता काही सांगितलं नाही. अंगठ्याएवढा होता तो वीतभर झाला, काचेचं भांडं जाऊन हॉलमध्ये चार फुटांची टाकी आली. काळाकुट्ट रंग, त्यावर केशरी डाग, आणि स्वभाव माझ्याहून तिखट. माझा नवरा टाकीजवळून गेला की हा पाठ फिरवायचा. मामाजी मात्र सकाळचा चहा घेऊन टाकीशी आले की काचेला नाक लावून उभाच. मामाजी चिमटीत माशाच्या खाद्याचा एकेक दाणा धरून पाण्यात हात घालत आणि तो त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेई. "गड्यानं आज दोन दाणे कमी खाल्ले वं," असं मला स्वयंपाकघरात येऊन सांगत. गावाकडे धुई म्हणजे धुकं पडलं, तुरीचा फुलोरा गळला, हे सगळं आधी त्या गड्याला कळायचं, मग आम्हाला.

दोन वर्षांपूर्वी मामाजींचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. गोळ्या सुरू झाल्या, तरी हात काही थांबेना. आधी दाढी गेली, नवरा करून द्यायला लागला. मग शर्टाची बटणं गेली. पाहुण्यांसमोर चहा घेणं त्यांनी आपणहून सोडलं. मी काही न बोलता त्यांचा कप अर्धाच भरायला लागले, आणि तेही काही न बोलता दुसऱ्यांदा अर्धा मागायला लागले. स्वतःच्या हातानं करायचं असं एकच काम त्यांच्याकडे उरलं, माशाला खाऊ घालायचं.

आता मी काय केलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. डिसेंबर संपत आला होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी ऑफिसातून आले. दिवसभर साहेबानं डोकं खाल्लेलं, त्यात रस्त्यात ऑटो बंद पडलेला. दार उघडते तर घरभर वास. टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालेलं, मासा तळाशी आडवा पडलेला, आणि मामाजी गुडघ्यापर्यंत धोतर ओलं करून पाण्यात जाळी फिरवत होते. सकाळी माशाच्या खाद्याच्या डब्याचं झाकण अडकलं, जोर लावायला गेले तर हात हलला आणि अख्खा डबा टाकीत उलटा झाला. लाजेपायी त्यांनी कोणाला फोन केला नाही. एकटेच दिवसभर ते फुगलेले दाणे काढत बसले होते.

आणि मी काय बोलले? "जमत नाही तर हात कशाला लावता जी!"

तोंडाची फटकळ आहेच मी. माझी आई मला लहानपणापासून सांगत आली, तुझी जीभ एक दिवस तुलाच खाईल. पण ते वाक्य तोंडातून निघालं आणि मामाजींनी जाळी खाली ठेवली, ती ज्या तऱ्हेनं ठेवली ते मी विसरूच शकत नाही. नवरा आल्यावर आम्ही दोघांनी बादल्यांवर बादल्या पाणी बदललं. मासा वाचला. मामाजी मात्र त्या दिवसानंतर टाकीकडे फिरकले नाहीत. आपली खुर्ची उचलून त्यांनी गॅलरीत नेली, टाकीकडे पाठ करून.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाले, "दुकानवाल्याले फोन कर. देऊन टाक तो मासा."

"का बाबा?"

"मले नाही जमत आता. काहून ठेवायचा?"

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जेवणात अर्धी पोळी सोडून उठायला लागले. दुपारभर गॅलरीत बसून रस्त्याकडे पाहायचे, पण दिसत काही नसावं. सासूबाई गेल्या त्या वर्षीचे मामाजी परत आले होते, आणि ह्या वेळी त्यांना तिथे मी ढकललं होतं. मासा गेला तर हा माणूस परत टाकीशी यायचा नाही, आणि गॅलरीतूनही उठायचा नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

तरी मामाजींनी सांगितलं होतं म्हणून सदरच्या दुकानदाराला फोन मी केला. तो म्हणाला, "ताई, मोठा ऑस्कर आहे, गिऱ्हाईक मिळून जाईल. पण खातो का?"

खात नव्हता. आजारपणानंतर त्यानं दाण्याला तोंड लावलं नव्हतं. कोपऱ्यात जाऊन रुसून बसला होता.

"मग असा उपाशी मासा नेऊन मी काय करू? मरून जाईल तो माझ्याकडे. पंधरा दिवसांनी रविवारी येतो. तोवर घरचा खाना बनवून द्या. झिंगे, मटार, पालक, लसूण, सगळं वाटून जमवायचं, फ्रीझ करायचं, रोज थोडं थोडं द्यायचं. खाल्लं तर नेतो."

पंधरा दिवस. माशानं खाल्लं नाही तर तो मरणार, आणि खाल्लं तर दुकानात जाणार. पण मी ठरवलं, आधी खाऊ तर दे, दुकानदाराचं मागाहून बघू.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून परस्पर मंगळवारी नावाच्या बाजारात गेले. माझी नेहमीची मच्छीवाली कामठीची. झिंगे तोलता तोलता तिनं विचारलं, "काय बाई, रस्सा करून राहिली का?"

"नाही वं, माशासाठी नेते. घरी पाळलेला आहे."

"मासोळीले झिंगे?" ती हसून हसून मागच्या टोपलीवर रेलली. मग शेजारणीला ओरडून सांगितलं, "इकडे पाय वं, बाईच्या घरचा मासा नॉनव्हेज खाते!" दोघी हसत होत्या आणि मी तोंड पाडून उभी. तरी जाताना तिनं दोन झिंगे वर टाकले, माशाच्या नावानं.

घरी येऊन कामाला लागले. चायना ग्रास भिजवलं. त्याच्यानं सगळं जमून येतं, खरवस जमावा तसं. झिंगे सोलले, धुतले, मिक्सरमधून काढले. मटार आणि पालक वाफवून वाटला, लसूण घातला. गरम चायना ग्रास त्यात ओतलं आणि ताटात थापलं. आता ही पद्धत मला कोणी शिकवायची गरज नव्हती, ही तर पाटवडीच! बेसन शिजवायचं, गरम असतानाच ताटाला भराभर थापायचं, चाकूनं वड्या पाडायच्या. सासूबाईंनी लग्नानंतर पहिली मला तीच शिकवली होती. ताट असं सुरेख थापलं गेलं की मला माझाच अभिमान वाटला. हात आपोआप खोबरं-कोथिंबिरीच्या डब्याकडे गेला, तो मात्र मधेच आवरला. माशाला कशाला पाहिजे वरून खोबरं! मग सोल्यांच्या चार पिशव्या शेजारणीच्या फ्रिजमध्ये पाठवल्या आणि ताट फ्रीझरमध्ये सरकवलं. नवरा तोंड उघडं ठेवून बघत होता.

सकाळी एक वडी टाकीत सोडली. मासा आला, वडी तोंडात घेतली आणि थूः! थुंकून टाकली. परत घेतली, परत थुंकली. मग माझ्याकडे असा बघायला लागला की बस. वडीभोवती पिवळा ढग पसरला आणि वर पाण्यावर तेलाचा तवंग आला.

"काय वं, फोडणी घातली का त्याले?"

मागे वळून पाहिलं तर मामाजी. वासानं उठून आले होते. त्या दिवसानंतर पहिल्यांदा ते टाकीपाशी उभे होते.

"फोडणी कशाला घालीन?" मी म्हटलं.

"मंग हे पिवळं काय हाय? अन् हे तेल?"

मी आठवायला लागले. झिंगे धुतले... आणि धुतल्याबरोबर हळद-मीठ चोळलं. अरे देवा! विचार केलाच नव्हता. इतकी वर्षं झिंगे धुतले की हात हळदीच्या डब्यात जातोच. आणि पाटवडीच्या ताटाला थापायच्या आधी तेल लावावं लागतं, ते लावलं होतं. चांगलं सढळ हातानं लावलं होतं.

मी सगळं खरं सांगून टाकलं. मामाजी टाकीकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हात हलतो तसंच काही असेल. पण ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते.

"बरं झालं तिखट नाही घातलं," म्हणाले, आणि परत गॅलरीत जाऊन बसले.

पण मी काही सोडणारी नाही. रविवारी पुन्हा झिंगे आणले आणि त्यांच्यासमोर मटारच्या शेंगांची परात नेऊन ठेवली. "मामाजी, मला काही समजत नाही ह्यातलं. तुम्ही बसून सांगा. नाहीतर ह्या वेळी तिखटसुद्धा पडेल."

त्यांना माझी चलाखी कळली असणार, एवढी वर्षं कचेरीत माणसं पाहिलेली. तरी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आली. शेंगा सोलायला लागले. पाच दाणे परातीत, दोन जमिनीवर, असं चाललं होतं. मी जमिनीवरचे मुकाट्यानं उचलत होते.

"हयद नको. मीठ नको," ते सांगत होते, आणि माझा हात डब्याकडे वळला की "हां!" म्हणून दटावत होते. "ताटाले तेल नको लावू. दुधाची पिशवी काप, धू, ते अंथर. अन् पातळ थाप वं! तुही सासू कशी थापत होती? एवढी जाड वडी त्याच्या तोंडात जाईन का?"

पातळ थापलं. चौकोनी वड्या पाडायला लागले तर म्हणाले, "लांबट काप. बोटाएवढ्या. धराले येते." कोणाला धरायला, हे ते बोलले नाहीत. पण मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी लांबट वडी थोडी नरम होऊ दिली आणि टाकीत सोडली. मासा हलला नाही. वडी तळाशी जाऊन पडली. मग हातात धरून पाण्यात हात घातला, मामाजी धरायचे तसा. अर्धा तास. खांदा भरून आला. मासा कोपऱ्यातून बघत होता, येत नव्हता. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी जरा पुढे आला, वडीपर्यंत आला, हुंगल्यासारखं केलं आणि पाठ फिरवून गेला. मी त्याला अशा शिव्या घातल्या की नवरा बाहेर येऊन म्हणाला, "अगं, शेजारी ऐकतील!" ऐकू देत! मासा बारीक झाला होता, कपाळापाशी खळगा पडल्यासारखा दिसत होता. आणि मामाजी पुन्हा गॅलरीत जाऊन बसायला लागले होते. मला म्हणायचे, "तो नाही खाणार आता. जाऊ दे."

रविवार उजाडला. दुकानदार अकराला येणार होता. मासा काही खात नव्हता, म्हणजे दुकानदार त्याला नेणारही नव्हता. बघून जाईल आणि मग आमच्याच टाकीत तो मरेल, मामाजींच्या डोळ्यांसमोर. सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत गेले. अर्धा कप.

"मामाजी, त्या दिवशी मी जे बोलले ते फार वाईट बोलले. मला असं बोलायला नको होतं."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "खरंच तर बोलली तू. नाहीच जमत."

"जमत नाही तर नाही! पण लावा ना हात! मी चुकले जी, मी म्हणते ना चुकले! किती वेळा म्हणू?" माफी मागता मागता माझा आवाज चढलाच. असा माझा स्वभाव. मला स्वतःचीच लाज वाटली आणि मी तिथून उठून आले.

फ्रीझरमधून वडी काढली, टाकीवर वाकले आणि पाण्यात हात घातला. शेवटचा प्रयत्न म्हणून. रडत होते की काय, मला कळत नव्हतं, कारण चेहरा ओलाच होता. हात अगदी ताठ धरला होता, मासा बिचकू नये म्हणून. मासा कोपऱ्यात.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं.

"असं कोणी धरते का? खांबासारखं उभी राहून राहिली. सरक."

मी सरकले. मामाजींनी बाही वर केली, त्यालाही वेळ लागला. माझ्या हातातली वडी घेतली, ती पडली, मी दुसरी दिली. त्यांनी पाण्यात हात घातला. हात थरथरत होता. बाहेर थरथरायचा तसाच आत थरथरत होता, आणि त्याच्यासोबत वडी. दोन बोटांत धरलेली ती हिरवी पट्टी पाण्यात सारखी वळवळत होती, थांबतच नव्हती.

मासा वळला.

तो कोपऱ्यातून निघाला, हळूहळू, मग एकदम. मामाजींच्या बोटांपाशी आला आणि ती वळवळणारी पट्टी त्यानं अर्ध्यातून तोडली. गिळली. पुन्हा आला, उरलेली घेतली. मामाजी हात बाहेर न काढता म्हणाले, "दे दुसरी." मी दिली. त्यानं तीही खाल्ली.

"तुहा हात हालत नाही ना वं," मामाजी टाकीतच बघत मला सांगत होते, समजावून, एखादी साधी गोष्ट सांगावी तसं. "गड्याले वाटते, मेलेलं हाय. माह्या हातात ते जितं वाटते त्याले."

मी रडले. सरळ सांगते, पदर तोंडात धरून रडले. नवरा आतून धावत आला, काय झालं, काय झालं म्हणत. त्याच वेळी माझा फोन वाजायला लागला. दुकानदार. मी फोन उचलला. मामाजींनी ओल्या हातानंच तो माझ्याकडून घेतला. फोन त्यांच्या कानाशी थडथड हलत होता. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"आज नको येऊ गा," ते म्हणाले. "गडी जेवून राहिला."